जुन्या चाकांची डबी

कारखान्याचं बॉयलर पेटलं की कसबा बावड्यात त्याची पहिली खबर वाळत घातलेल्या कपड्यांना लागते. सकाळी पांढरी चादर दोरीवर टाकावी, आत जाऊन चहा घेऊन यावं, तर तेवढ्यात तिच्यावर काजळीचे ठिपके बसलेले असतात. झटकायला गेलं की पसरतात. मग भोंगा होतो. मळीचा आंबूस गोड वास घरात शिरतो आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम ठोकतो. उसानं लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर सुरू होतात, ट्रॅक्टरवाले गाणी एवढ्या मोठ्यानं लावतात की खिडकीच्या काचा थरथरतात. गावाला हे सगळं आवडतं. माझ्या मात्र दाढा एकमेकींवर घट्ट बसतात. यंदाही बसल्या.

गळिताच्या हंगामाला लोक गोड म्हणतात, कारण शेवटी त्यातून साखर निघते. मला तो कधी गोड वाटला नाही. नीट बघितलं तर हा सगळा मारहाणीचा हंगाम आहे. कोयता बुडख्यात घालायचा, शेंडा उडवायचा, मोळ्या आवळायच्या. पाचट पेटवून द्यायचं, त्या आगीतून साप आणि ससे वाट फुटेल तिकडे पळणार. आणि गाडी भरून नेल्यावर पुढे लोखंडी रोलरखाली त्याचा चोथा होईपर्यंत चिरडायचं. ऊसही काही गरीब नाही. त्याच्या पानाची धार हातावर अशी ओढली जाते की रक्त आधी दिसतं आणि दुखतं नंतर. एका हंगामात माझ्या दोन भावांचं रक्त एकाच बांधावर सांडलं, तेव्हा मी तिथे उभी होते. त्यानंतर हा वास मला गोड लागावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

आणि हे सगळं मला आठवतं ते एका आगगाडीमुळे. खरी आगगाडी नव्हे, खेळातली.

आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथ चालवायचे. छोटंसं स्वतःचं वर्कशॉप होतं. आज ते मी चालवते. फार पूर्वी शेजारच्या फौंड्रीत एक मशीन बसवायला जर्मनीहून एक माणूस आला होता. त्याला आण्णांनी घरी जेवायला आणलं. तांबडा रस्सा पिऊन त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच पाणी आलं, तरी तो वाटी पुढे करत राहिला, असं आई सांगायची. जाताना त्यानं घरातल्या थोरल्या मुलासाठी एक खोका दिला. त्यात एक काळं इंजिन, लाल-तपकिरी डबे आणि रूळ होते. थोरला मुलगा म्हणजे दादा. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. गाडी दादाची झाली. पुढे बाळू जन्मला, मोठा झाला, मलाही पाहिजे म्हणून त्यानं जमिनीवर डोकं आपटून घेतलं, तेव्हा आण्णांनी मुंबईहून दुसरी गाडी आणली. ती निराळ्या जातीची निघाली.

दादाच्या गाडीला रूळ तीन. बाजूचे दोन नेहमीचे, आणि मधोमध खिळ्यांची एक ओळ. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्या खिळ्यांवरून घासत जायची आणि वीज तिथून वर चढायची. बाळूच्या गाडीला मधलं काही नव्हतं. एका रुळातून वीज यायची, दुसऱ्या रुळातून परत जायची. रुंदी दोन्हींची सारखी, डबे दिसायलाही सारखे. फरक होता तो चाकांत. दादाच्या डब्याची दोन्ही चाकं आणि त्यांच्या मधला दांडा म्हणजे अखंड लोखंड. बाळूच्या डब्याच्या एका चाकात प्लॅस्टिकची बारीक कडी होती. या चाकाची वीज त्या चाकाला लागू नये म्हणून. त्यामुळे बाळूचा डबा कुठल्याही रुळावर ठेवा, काही बिघडायचं नाही. दादाचा डबा बाळूच्या रुळावर ठेवला की मात्र दोन्ही रूळ एकमेकांना भिडले म्हणून समजा.

हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बाळूनं एका दुपारी दादाचा डबा उचलून आपल्या रुळावर ठेवला आणि बटण फिरवलं. निळी ठिणगी उडाली. ट्रान्सफॉर्मरमधून धूर आला, खोलीभर जळका वास सुटला. जळालं ते बाळूचंच, पण डब्याला हात लावला म्हणून दादानं बाळूला धरला आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. बाळूचा पुढचा दात त्या दिवशी पडला, तो दुधाचा नव्हता. आण्णा खालून आले ते हातात उसाचं कांडं घेऊनच. दोघांना बडवलं. एक फटका मलाही बसला, कारण मी मधे उभी होते. त्या फटक्याचा राग माझ्या मनात अजून आहे, लपवत नाही.

आमच्या घरात माया नव्हती असं नाही. पण ती हातघाईची माया होती. बाळू ताप येऊन पडला तर दादा त्याला शिव्या घालत पाठीवरून दवाखान्यात न्यायचा. आण्णा ‘जेवाय या’ म्हणाले तरी बाहेरच्या माणसाला वाटावं, आत कुणाचा तरी मुडदा पडतोय. आई हुपरीची, पैंजणांच्या गावची. तिच्या पायात चांगले घसघशीत पैंजण होते, पण आमच्या घरातल्या आरडाओरड्यात ते मला कधी ऐकू आले नाहीत. ती गेल्यावर, घर चार दिवस गप्प झालं तेव्हा, एकदम त्यांचा आवाज आठवला. जे ऐकलंच नाही ते कसं आठवतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

दोघा भावांच्या गाड्या पुढे एकाच टेबलावर आल्या, पण एका रुळावर आल्या नाहीत. आत दादाचा तीन रुळांचा गोल, बाहेर बाळूचा दोन रुळांचा. मुलं मोठी झाली, मिशा आल्या, लग्नं झाली, शेताची वाटणी झाली. मी लग्न होऊन शिरोळला गेले आणि नवरा वारल्यावर परत येऊन आण्णांच्या वर्कशॉपमध्ये लेथपुढे उभी राहिले. टेबलावरचे ते दोन गोल तसेच राहिले. आण्णा मात्र रविवारी वर जाऊन दोन्ही गाड्या फिरवायचे. आधी दादाची, मग बाळूची. कधी एकीला जास्त वेळ मिळाला नाही.

मग आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ज्या माणसानं आयुष्यभर केसाच्या जाडीएवढं लोखंड तासलं, त्याला शर्टाचं बटण लावता येईना. त्या हंगामाचं बॉयलर पेटलं त्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं.

“शाले,” ते म्हणाले, “सगळं डबं एका रुळावर चालाय पायजेत. दोघांचं. हंगाम संपायच्या आत.”

“कशाला आता आण्णा? कोण खेळतंय?”

त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. माझ्या बापाला मी ओळखते. दोघा पोरांना त्या टेबलाशी एकत्र उभं करून, सगळे डबे एका माळेत फिरताना दाखवायचं, आणि मग डोळे मिटायचे, एवढंच त्यांचं उरलं होतं.

काम बोलायला सोपं होतं. दादाच्या डब्यांना नवी चाकं करायची. पितळेचा रॉड लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा आणि शर्टाच्या बटणाएवढं चाक तासून काढायचं. जुन्या चाकांची कड जाड आणि खोल होती; बाळूच्या रुळांना जिथे फाटा फुटतो तिथे ती ठेचकाळली असती. म्हणून नवी कड बारीक. एका चाकाचं भोक मोठं करून त्यात नायलॉनची कडी दाबायची आणि त्या कडीत दांडा. दोन चाकांमधलं अंतर जुन्यापेक्षा किंचित जास्त. हुपरीच्या मामेभावाकडून मी चांदीकामाच्या बारीक कानशी आणल्या, कारण आमच्याकडच्या कानशींनी ते चाक चाक राहिलं नसतं.

तपासणी आण्णांची. एक छोटा दिवा, बॅटरी आणि दोन वायरी. एक वायर या चाकाला, दुसरी त्या चाकाला. दिवा लागला नाही तर चाक पास. दिवा लागला की ते चाक सरळ माझ्या अंगावर यायचं. डाव्या हाताचा नेम त्यांनी त्या हंगामात चांगलाच बसवला. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, मीही एकदा रागानं अख्खा रॉड भिंतीवर आपटला. खिडकीतून मळीचा वास, पत्र्यावर काजळी, आणि आम्ही बापलेक एकमेकांवर ओरडत भातुकलीएवढी चाकं करत होतो. बाहेरच्याला वेड लागल्यासारखं वाटलं असतं. मला विचाराल तर आण्णा आणि मी एवढे जवळ कधीच आलो नव्हतो.

काढलेली जुनी चाकं त्यांनी फेकू दिली नाहीत. चहाच्या पत्र्याच्या डबीत ठेवायला लावली, तीही तेलाचा बोळा फिरवून. “ऱ्हाऊ दे. लागत्यात कवातरी,” म्हणाले. वर्कशॉपवाल्या माणसाची ही खोड असते, त्याला वाकडा खिळाही टाकवत नाही.

एक मात्र झालं नाही. दादाचं इंजिन. ते सगळं ओतीव धातूचं, त्याच्या अंगातूनच वीज फिरायची. त्याला दोन रुळांवर आणायचं तर त्याचे तुकडे करावे लागले असते. आण्णांनी ते हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि बाजूला ठेवलं. म्हणजे सगळ्या डब्यांची गाडी ओढणार ती बाळूच्या इंजिनानं. ही गोष्ट दादाला कशी लागेल ते आम्हाला दोघांनाही कळत होतं.

इकडे खोलीत आम्ही वीज अडवायला प्लॅस्टिकच्या कड्या बसवत होतो, तिकडे शेतात ठिणगी पडली होती. आमचं रान पंचगंगेकडेला. वाटणीत रस्त्याकडचा तुकडा बाळूला आला आणि मागचा दादाला. दादाचा ऊस बाहेर निघायचा तर बाळूच्या तुकड्यातूनच. आदल्या उन्हाळ्यात दादानं बाळूची पाण्याची पाळी खाल्ली होती, मोटारीच्या व्हॉल्व्हला चक्क कुलूप घालून. बाळूचा ऊस करपला. बाळू त्या वेळी गप्प बसला आणि गप्प बसलेला बाळू फार वाईट. आपला ऊस तोडून झाला त्या दिवशी त्यानं वाटेवर आडवा चर मारला, कमरेएवढा खोल. मागे दादाचा ऊस तोडून पडलेला. तोडकरी बिड्या ओढत बसलेले, ट्रॅक्टर उभा. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्याचा रस आटतो, दर तासाला तो हलका होत जातो.

मला बांधावरून एका बाईनं हाक मारली तेव्हा मी धावत गेले. दादा चराच्या त्या काठाला, हातात तोडकऱ्याचा कोयता. बाळू या काठाला, हातात खोरं.

“चर बुजीव.”

“न्हाई बुजवत. माज्या रानात हाय त्यो.”

“बाळ्या, माजा ऊस वाळालाय. शेवटचं सांगालोय.”

“माजा वाळला तवा कुटं गेलतास? कुलूप लावून झोपलतास न्हवं?”

दादानं चरावरून उडी मारली. त्यानंतर काय आधी झालं आणि काय मागून, हे पोलिसांनी विचारलं तेव्हाही मला सांगता आलं नाही. खोऱ्याचा दांडा दादाच्या डोक्यात बसला, त्याचा आवाज नारळ फुटावा तसा आला. कोयता बाळूच्या उजव्या हाताला कोपराखाली लागला आणि मांस उघडं पडलं. दोघं पाचटात गडबडा लोळले, एकमेकांच्या गळ्याला धरून. तोडकरी लांबून ‘अवो, सोडा, सोडा’ म्हणत होते, पुढे कुणी येईना. मी हाताला लागला तो ऊस उचलला आणि दोघांच्या पाठीत घातला. पुन्हा घातला. ऊस मोडला, त्याचा रस माझ्या मनगटावरून ओघळला आणि दोघांच्या रक्तात मिसळला. माश्या लगेच आल्या. माश्यांना काय, त्यांना दोन्ही चालतं.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. एकाचं डोकं शिवलं, एकाचा हात. दोघांनी तोंडं भिंतीकडे केली. भिंती मात्र वेगवेगळ्या दिशांना होत्या, एवढंच समाधान.

आण्णांना हे मी सांगितलं नाही, गावानं सांगितलं. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या घेणं बंद केलं. रक्तदाबाची गोळी मी तोंडापुढे धरली की दात आवळायचे. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर दुसरा झटका येईल. आण्णांनी दाताआडून सांगितलं, “दोगं वर आल्याबगार घेत न्हाई.” वर म्हणजे गच्चीवरच्या खोलीत.

आले. दोघंही आले, कारण वडिलांना मारल्याचं पाप कुणालाच आपल्या नावावर नको होतं. कारखान्यात हंगामाचा शेवटचा ऊस त्या दिवशी गाळला जाणार होता. दादाच्या डोक्याला पांढरी पट्टी, बाळूचा हात गळ्यात. टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. सगळे डबे मी बाळूच्या रुळावर एका माळेत लावले होते, दादाचा एक, बाळूचा एक, पुन्हा दादाचा एक. आण्णांनी मुद्दाम तसं लावायला सांगितलं होतं.

“वढनार कोन? त्याचं इंजिन?” दादानं पहिलाच प्रश्न केला.

“गप बस,” मी म्हणाले.

आमच्याकडे नवं मशीन आलं, नवा ट्रॅक्टर आला, साधी पिठाची गिरणी आली तरी पूजा झाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. खंडेनवमीला आण्णा लेथच्या चकपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावायचे. त्या दिवशीही त्यांनी नारळ फोडायला लावला. मग डाव्या हातानं वाटीत कुंकू कालवलं आणि मन लावून, एकेक करून, इंजिनाच्या चाकांना लावलं. डब्यांना लावलं. जागोजाग रुळाला बोट टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला माझे दोन्ही भाऊ आवडायला लागले.

बटण बाळूनं फिरवलं. गाडी निघाली. खिडकीपर्यंत छान गेली, वळणावर दादाचा डबा बाळूच्या डब्यामागून डुलत गेला, आणि आण्णांच्या घशातून एक आवाज निघाला. हसण्याचा होता. तेवढ्यात इंजिनानं आचका दिला, थांबलं, पुन्हा आचका दिला आणि ठप्प झालं.

दादा हसला. नुसता नाकातून. “बगा. ह्याच्या इंजिनात दम न्हाई.”

“तुज्या डब्यानं शॉर्ट केलंय! ल्हानपनीबी असंच झालतं,” बाळू ओरडला आणि दादाच्या डब्याला त्यानं बोटानं टिचकी मारली. तो आडवा झाला.

बस. दादानं आपला डबा उचलला आणि बाळूच्या तोंडावर फेकून मारला. बाळूनं चांगल्या हातानं टेबलाची फळी वर उचलली. डबे, रूळ, नारळाची भकलं, सगळं घसरत आलं ते आण्णांच्या मांडीवर. दादानं बाळूचा शिवलेला हात धरून पिरगाळला, टाके उसवले. मी मधे पडले आणि मला दोन्हीकडून बसलं. शेजारचे लोक जिना चढून आले तेव्हा कुठे ते सुटले. आण्णा खुर्चीत बसून होते. त्यांच्या कुंकवानं माखलेल्या बोटात एक चाक होतं, त्या एकाच चाकाकडे ते बघत राहिले.

सगळे गेल्यावर मी फळी सरळ केली, रूळ जोडले. वायरी तपासल्या. शॉर्ट कुठेच नव्हता, इंजिनही ठणठणीत होतं. रुळावर आणि चाकांवर कुंकवाचा थर बसला होता, त्यातून वीज जात नव्हती, एवढंच. आमच्या पूजेनंच गाडी अडवली होती. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, रूळ चकचकीत झाले आणि सगळे डबे न थांबता गोल फिरायला लागले. “आण्णा, बघा, कुंकवामुळं थांबलं होतं हो, बाकी काही नाही,” मी सांगत होते, ओरडून सांगत होते. त्यांनी मान वर केली नाही. खाली कारखान्याचा शेवटचा भोंगा झाला.

दोघा भावांना मी फोन करून शिव्यांसकट हे कारण कळवलं. दादानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बाळूनंही तेच केलं. आण्णांनी त्या रात्रीपासून गोळ्या मात्र घेतल्या, शब्दाला जागणारा माणूस. तरी पुढचं बॉयलर पेटेपर्यंत ते राहिले नाहीत. खोलीला मी कुलूप लावलं आणि किल्ली वर्कशॉपमध्ये ठेवली.

यंदाचा भोंगा झाला आणि दादा वर्कशॉपमध्ये आला. नवा बंगला बांधलाय, बैठकीत काचेचं कपाट केलंय.

“शालन, माजं डबं मला दे. जुनी चाकं घालून दे.”

“आत्ता आहेत ती चाकं दोन्हीकडे चालतात, दादा. तुझ्या तीन रुळांवरसुद्धा चालतील. कपाटात तर काय, नुसती उभीच राहणार.”

“ठावं हाय मला. ती त्याच्या रुळासाठी केल्याली चाकं हाईत. मला माजी पायजेत.”

बाळूला फोन केला तर तो म्हणाला, “दे की आक्का त्याला. मधला रूळबी दे. गळ्यात घालून फिर म्हनावं.”

वर जाऊन मी कुलूप काढलं. डबी उघडली. जुनी चाकं तेलानं अजून ओली होती. आण्णांनी त्यांना काळजीनं ठेवलं होतं आणि तीच काळजी आता या दोघांना मागे फिरायला वाट देत होती. डबी आहे तोवर दादाला परतीचा रस्ता आहे, बाळूला चर मारायला जागा आहे. माझं डोकं असं तापलं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. आण्णांवरही रागावले मी. कशाला ठेवलीत? काय लागणार होतं?

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन शेजारच्या फौंड्रीत गेले. भट्टी तयार होती, लोखंड पाण्यासारखं हलत होतं, उष्णतेनं भुवया करपतील असं वाटत होतं. भट्टीवरचा माणूस मला ओळखतो.

“ताई, काय टाकालाय त्यात? जस्त-बिस्त न्हाई न्हवं? हीट बिघडंल, अख्खा घाना वाया.”

“लोखंड आहे. जुनं.”

मी डबी पालथी केली. थोड्या ठिणग्या उडाल्या, निळ्या नव्हत्या, पिवळ्या होत्या. तेल भप्पकन जळलं. मग लोखंडात लोखंड मिसळलं आणि कुठलं चाक कुठलं ते देवालाही सांगता आलं नसतं. परत येऊन दोघांना एकच निरोप पाठवला: जुनी चाकं भट्टीत घातली, मी नवी करून देणार नाही, काय करायचं ते करा.

उन्हं कलताना वर्कशॉपच्या दारात मोटारसायकल थांबली. आधी दादा आत आला, तोंड लाल. त्याच्या मागोमाग बाळू.

“कुनाला इचारून घातलीस? आण्णांनी जपल्याली चाकं व्हती ती!” दादा.

“बापानं तेल लावून ठिवल्याली वस्तू, आक्का! भट्टीत? तुला काय वाटलं का न्हाई?” बाळू.

“आता डबं कशावर हुबं करू मी?”

“त्येच की! कशावर करील त्यो?”

दादानं भंगाराच्या बादलीला लाथ घातली, बाळूनं पाना उचलून बेंचवर आदळला. माझ्या कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. मी दोन्ही हात छातीशी बांधून उभी राहिले. दोघांची बोटं माझ्यावर रोखलेली होती आणि दोघंही एकाच बाजूला उभे होते. घसा बसेपर्यंत ओरडले. बाळूनं दम घ्यायला पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्याला आणि उरलेला मागे दादाकडे केला. दादानं तो घेतला.

“वर बाळूचा रूळ आहे,” मी म्हणाले. “चाकं त्यालाच बसतात. दुसरं काही नाही माझ्याकडे.”

बाहेर ट्रॉल्या चालल्या होत्या. दादा दारापर्यंत गेला, मागे न वळता तिथेच थांबला आणि जमिनीकडे बघत म्हणाला,

“रईवारी येतो. पन ह्या टायमाला कुकू लावायचं न्हाई.”

मी दारात येऊन पाहिलं तेव्हा कळलं की मोटारसायकल एकच होती. कुणी कुणाला बोलावलं, कोण कुणासाठी थांबला, ते दोघांनी सांगितलं नाही आणि मी विचारणारही नाही. बाळूनं किक मारली. दादा मागे बसला, अंग चोरून. उसाच्या ट्रॉल्यांनी आमच्या रस्त्याची चाळण केली आहे. पहिल्याच खड्ड्यात गाडी उडाली आणि दादानं पटकन बाळूच्या उजव्या खांद्याला धरलं. पुढचा खड्डा येईपर्यंत सोडला नाही, नंतरही नाही.

खोली मी उघडून ठेवली आहे. रूळ पुसलेत. टेबलाच्या एका कोपऱ्यात स्पिरिटची बाटली आहे आणि खाली, दोघांना दिसणार नाही असा, लेथचा मोठा पाना. रविवारी त्यातलं काय लागेल, ते बघू.